सत्तारच्या वहीतलं फादरचं माप

देवपुरातल्या चर्चचे फादर दिवसभर करतात तरी काय, हा प्रश्न सत्तारच्या टेलरिंगच्या दुकानात फार जुना होता. पाच-सहा वर्षांनी फादर बदलून जात, नवे येत, प्रश्न मात्र जिथल्या तिथे. दुकान चर्चच्या फाटकासमोरच. दोन मशीन, एक कटिंगचं टेबल आणि दाराशी एक बाकडं. बाकड्यावर चुडामण नाना. हे नाना मूळचे यावलकडचे, केळीवाले. शेती भावाच्या हवाली करून धुळ्याला मुलाकडे राहायला आले होते. मुलगा कामावर, सून कामावर, घरात टीव्ही, आणि त्या टीव्हीपेक्षा सत्तारचं दुकान बरं. सकाळी दहाला येऊन बसत ते जेवायला उठत आणि चारला पुन्हा हजर.

नानांना प्रश्नाचं उत्तर केव्हाच सापडलं होतं. "त्याले काय कमी आहे, सत्तार?" ते म्हणत. "बायको नाही, पोरं नाही, पोरांच्या फिया नाही. एवढा थोरला बंगला. सकाळी अर्धा तास घंटी वाजवली का दिवस मोकळा." बंगल्यात रोज कोंबडी शिजते, बाटलीही असते, हे नानांनी कुणाकडून तरी ऐकलेलं होतं. कुणाकडून, असं विचारलं की नाना चुना-तंबाखू मळायला घेत.

याच्या उलट दिपमाला टीचर. चर्चच्या शाळेत शिकवायच्या, रविवारची गाणी बसवायच्या, आणि सत्तारकडे ब्लाउज शिवायला टाकायच्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे फादर म्हणजे निव्वळ संतमाणूस. त्यांना भूक लागत नाही, थकवा येत नाही, एकटं वाटायचा तर प्रश्नच नाही, कारण देव सोबत असतो. हे सांगताना टीचरांचे डोळे असे भरून येत की समोरच्याला पुढे काही विचारायची सोय राहत नसे.

सत्तारला यातलं एकही पटत नव्हतं. रोज कोंबडी खाणाऱ्या माणसाच्या शर्टाची कॉलर उलटून शिवलेली कशी असेल? आणि ज्याला भूकच लागत नाही त्याची कंबर चाळीस कशी भरेल? सत्तारचा लोकांच्या बोलण्यावर भरवसा नव्हता, टेपवर होता. बत्तीस वर्षं मशीन चालवून त्याचा स्वभाव थोडा तिरसट झाला होता, हे त्याची बायको सकीनाही सांगेल, पण टेपच्या बाबतीत त्याच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

सध्याचे फादर म्हणजे फादर सायमन तोरणे. नगर जिल्ह्यातले, पंचावन्नच्या आसपास, बोलायला साधे. मागच्या जूनमध्ये दोन बॅगा आणि एक जुनी मोटारसायकल घेऊन बदलून आले. टीचरांनी आणि चर्चच्या बायकांनी मिळून पांढरं टेरिकॉट आणलं आणि फादरांसाठी झगा शिवायला टाकला. मानेपासून घोट्यापर्यंत, पुढे तीस बटणं. सत्तारनं जीव ओतून शिवला होता. वहीत तारीख घालून माप लिहिलं: छाती बेचाळीस, कंबर चाळीस.

वही त्याची, पण ती कुणाला दाखवायची नाही. जुन्या धुळ्यातल्या त्याच्या उस्तादांनी हातात कात्री देण्याआधी हे शिकवलं होतं. गिऱ्हाइकाचं माप तिसऱ्या माणसाला सांगायचं नाही. बाईचं तिच्या नवऱ्याला नाही, आईचं पोरीलाही नाही. एकदा एका कारागिरानं नवरीच्या कमरेचं माप तिच्या होणाऱ्या सासूला सांगितलं, तेही कौतुकानं, तर उस्तादांनी त्याला त्याच दुपारी कायमचं घरी पाठवलं. शिंप्याला अंगाचं सगळं कळतं, असं ते म्हणत. कुणाला दिवस गेलेत, कुणाचा खांदा उतरलाय, कोण खातं आणि कोण नुसतं खाल्लं म्हणून सांगतं. आपण ते बोलत नाही म्हणून तर लोक आपल्यापुढे हात वर करून उभे राहतात. सत्तारनं हे आजवर पाळलं होतं, आणि त्याबद्दल त्याला गुर्मीही होती.

नाताळाच्या आठ दिवस आधी फादर झगा घेऊन आले. जरा सैल वाटतोय म्हणाले. सत्तारनं टेप लावली. कंबर साडेअडतीस. बाजूच्या शिवणी आत दाबून दिल्या. जानेवारी संपता संपता फादर पुन्हा हजर. साडेछत्तीस. सत्तारनं पुन्हा आल्टर केला. कापड कापलं नाही, आतच दाबलं, कारण माणूस पुन्हा भरतो आणि मग शिंप्याला शिव्या देतो, हा त्याचा अनुभव. फादर पायी फिरायला जाऊ लागले असतील, असं नाना म्हणाले. सत्तारनंही तेवढ्यावर सोडून दिलं.

यंदा गंमत अशी झाली की राखेचा बुधवार आणि रमजानचा चांद एकाच दिवशी आले. सकाळी ख्रिस्ती लोक कपाळावर राख लावून आपला चाळीस दिवसांचा उपवास सुरू करून गेले आणि संध्याकाळी गल्लीतली पोरं चांद बघायला गच्चीवर चढली. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी फादर भेटले तेव्हा सत्तारनं चौकशी केलीच. तुमच्यात उपवास कसा असतो? फादर म्हणाले, एकदाच पोटभर जेवायचं, शुक्रवारी मटण-मच्छी नाही. आणि पाणी? पाणी चालतं. मग तो उपवास कसला, असं सत्तार म्हणाला आणि दोघंही हसले. हसता हसता फादरांनी हातातली बाटली तोंडाला लावली, ती रिकामी करूनच खाली घेतली.

मार्चच्या सुरुवातीला झगा तिसऱ्यांदा आला. साडेचौतीस. या खेपेला फादर खुशीत होते. उपवास मानवतोय सत्तारभाई, म्हणाले, हलकं हलकं वाटतं. ब्लाउज न्यायला आलेल्या टीचर त्यांच्याकडे असं बघत होत्या की आता त्या इथेच गुडघे टेकतील. फादर गेल्यावर म्हणाल्या, चेहऱ्यावर कसं तेज आलंय बघा. सत्तारला तेज दिसलं नाही. त्याला गालाची हाडं दिसली.

एरवी कपडे गिऱ्हाईक घेऊन जातं. पण या वेळी झगा तयार झाल्यावर सत्तार स्वतः उठला. ईदची कामं ढिगानं पडली होती, तरी उठला, कारण आता त्याला राहवेना. बंगला आतून कसा असतो हे बत्तीस वर्षांत त्यानं पाहिलं नव्हतं.

बंगला थोरला होता हे खरं. कुण्या काळी परदेशी फादरांनी बांधलेला, उंच छताचा, सहा खोल्यांचा. त्यातल्या चारांना कुलूप. मधल्या खोलीत बारा माणसं जेवतील असं लांबलचक टेबल आणि त्याच्या एका टोकाला एक ताट, उपडं घातलेलं. फादरांच्या खोलीत एक लोखंडी खाट, टेबलफॅन आणि उघडं कपाट. कपाटात दोन पँटी, तीन शर्ट. एका शर्टाच्या पांढऱ्या बटणाला काळा दोरा लावलेला दिसला तेव्हा सत्तारनं तो शर्टच हातात घेतला. कुणी लावलं हे, असं त्यानं विचारलं, तर फादर ओशाळून म्हणाले, मीच.

कोंबडी कुठे दिसेना. स्वयंपाकघरात बेबाबाई भांडी आवरत होती. ती सकाळी येऊन एकदाच स्वयंपाक करून ठेवायची. सत्तारला बघून तिला बोलायला माणूस मिळालं. "फादर बाहेर जेवी येतस वाटतं, भाऊ," ती म्हणाली. "डबा सारा बठ्ठा तसाच ऱ्हास." आणि तिची दुसरी तक्रार मुंग्यांची. न्हाणीघरात इतक्या मुंग्या कुठून येतात कळत नाही, फिनेल ओतून ओतून हात सोलले.

फादरांनी सत्तारला खुर्ची दिली, चहा विचारला, आणि रोजा आठवून जीभ चावली. मग सत्तारनं तो जुना प्रश्न सरळच विचारून टाकला, की फादर, तुम्ही दिवसभर करता काय? फादरांना राग आला नाही. साडेचारला उठतो म्हणाले. प्रार्थना, सहाला चर्चमध्ये मिस्सा, मग शाळेचे कागद, मग मोटारसायकल. साक्री-पिंपळनेरच्या पलीकडे बावीस पाडे त्यांच्याकडे होते. कुठे मयत, कुठे बारसं, कुठे नवरा-बायकोचं भांडण, कुठे रेशनकार्डातून नाव गळालं म्हणून तहसीलला खेप. गावातले म्हणतात फादर शहरात जेवले असतील, शहरातले म्हणतात गावात जेवले असतील. संध्याकाळी घरी, फाटक बंद, आणि मग पुस्तक.

"एकटं वाटत नाही?" सत्तारनं विचारलं.

"वाटतं की," फादर म्हणाले. "लोक मला विचारतात, लग्न का नाही केलं. एकटं वाटतं का, हे कुणी विचारत नाही." आणि बोलता बोलता तांब्या उचलून ते गटागटा पाणी प्यायले, तिसऱ्यांदा. सत्तार मोजत होता. सवयच ती.

त्या संध्याकाळी रोजा सोडल्यावर सत्तार वही घेऊन बसला. फादरांच्या पानावर चार तारखा होत्या. जून, डिसेंबर, जानेवारी, मार्च. तो बघतच राहिला. उपवास सुरू झाला राखेच्या बुधवारी, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यात. मग कंबर डिसेंबरात कशी उतरली? नाताळात तर हे लोक केक खातात. आणि उपवासाचं म्हणाल तर सत्तार चाळीस वर्षं रोजे धरत होता, महिन्याअखेर त्याची स्वतःची कंबर अर्धा इंचही हलत नसे, इफ्तारची भजी काय कमी असतात? साडेपाच इंच उपवासानं जात नाहीत.

कुणाचं माप आहे हे न सांगता त्यानं सकीनाला नुसतं विचारलं, माणूस वाळत जातो आणि तहान तहान करतो, न्हाणीघरात मुंग्या होतात, हे काय असतं? सकीना नशिराबादची. तिच्या अब्बांचा पाय शुगरपायी कापावा लागला होता. तिनं हातातली वाटी खाली ठेवली. शुगर असते, म्हणाली, वाढलेली असते. अब्बांच्या न्हाणीत अश्शाच मुंग्या. आम्ही वर्षभर फिनेल ओतत बसलो. कुणाचं आहे हे? सत्तार म्हणाला, एका गिऱ्हाइकाचं. तिनं पुढे विचारलं नाही, बत्तीस वर्षांची सवय तिलाही होती.

आता कुणाला सांगायचं? दुसरं कुणी असतं तर सत्तारनं नियम वाकवून त्याच्या बायकोला सुचवलं असतं, भाभी जरा लक्ष द्या. पण मुळात बायकोला सांगावंच लागत नाही. घरच्या माणसाला पँट सैल झालेली दिसते, ताटातली भाकरी उरलेली दिसते. फादरांच्या घरी हे बघायला होतं कोण? बेबाबाईला वाटतं ते बाहेर जेवतात. बाहेरच्यांना वाटतं घरी जेवतात. टीचरांना तेज दिसतं, नानांना कोंबडी. सगळ्या धुळे शहरात या माणसाचं खरं माप एकट्या सत्तारच्या वहीत होतं.

आठ दिवसांनी फादर चौथ्यांदा आले. होळी होऊन गेली होती, ऊन तापायला लागलं होतं. किंचित दाबून द्या म्हणाले, पुढे ईस्टरआधीचा पवित्र आठवडा आहे, सगळ्या पाड्यांवर जायचंय, झगा लोंबतो. नाना अजून आले नव्हते. सत्तारनं टेप लावली. तेहतीस. त्यानं दाराचा पडदा ओढला आणि हळू आवाजात सगळं सांगितलं, तारखा दाखवल्या, मुंग्यांचंही सांगितलं. हा उपवास नाही फादर, आजच्या आज रक्त तपासा.

फादर आधी हसले. मग वहीकडे बघून हसायचे थांबले. ईस्टर झाला की लगेच तपासतो, म्हणाले. साडेतीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. आत्ता काही निघालं तर मला इथून उचलून नेतील, आणि बावीस पाड्यांवर लोक वाट बघत बसतील. तोवर तुम्ही कुणाला बोलू नका.

"बोलणार नाही," सत्तार म्हणाला. "पण झगाही देणार नाही."

फादरांना वाटलं थट्टा आहे. सत्तारनं झगा घडी करून कपाटात टाकला, किल्ली फिरवली आणि खिशात घातली. "मी कापड आत घेतो, माणूस आत घेत नाही. डॉक्टरचा कागद आणा आणि झगा न्या." फादर दोन मिनिटं उभे राहिले, सत्तार मशीनकडे तोंड करून बसला. शेवटी ते रस्ता ओलांडून निघून गेले.

रविवारी फादर जुना झगा घालून मिस्सेला उभे राहिले, काखेत विरलेला. बायकांनी विचारलं, नवा कुठे? फादर म्हणाले, सत्तारभाईंकडे आहे. त्यांच्या दृष्टीनं खरं ते सांगितलं. सोमवारी टीचर दुकानात. झगा द्या. सत्तार म्हणाला, नाही. का नाही? सत्तार गप्प. निदान दाखवा तरी. सत्तार कुर्त्याची काजं मोजू लागला. टीचरांचा चेहरा लाल झाला. आम्ही बायकांनी प्रेमानं दिलेलं कापड आहे ते, म्हणाल्या, खराब केलं असेल तर तसं सांगा.

झालं. बाकड्यावर नाना होतेच. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की सत्तारच्या इस्त्रीनं फादरचा झगा जळाला आणि आता तो लपवतोय. ईद चार दिवसांवर. मंगळवारी दोन बायका आल्या आणि न शिवलेली कापडं परत घेऊन गेल्या, वेळेवर होईल असं वाटत नाही म्हणाल्या. सत्तारनं पिशव्या काढून दिल्या. बत्तीस वर्षांत त्याच्या हातून रुमालसुद्धा जळाला नव्हता. घरी सकीना बिथरली. जळाला असेल तर माफी मागा, नसेल तर दाखवून मोकळे व्हा, हे काय तोंड शिवून बसणं? नानांनी तर समजूतच घातली. होतं रे एखाद्या वेळी, म्हणाले, त्याले काय, दुसरा शिवून घेईल, पैशाले काय कमी आहे त्यायले? सत्तारला इतका संताप आला की नानांना बाकड्यासकट उचलून पांझरा नदीत टाकावं. पण त्यानं मशीनच तेवढी जोरात चालवली.

कारण झगा दाखवायचा म्हणजे शिवणी दिसणार. एकाखाली एक तीन टिपा. शिवणकाम येणारी कुठलीही बाई त्या बघून ओळखेल, आणि टीचरांना शिवणकाम येत होतं.

बुधवारी संध्याकाळी, रोजा सुटायला अर्धा तास असताना, फादर आले. शर्ट-पँटीत होते. शर्ट अंगावर नुसता टांगलेला. मागे टीचर, गोंधळलेल्या. त्यांनीच दुपारी फादरांना सांगितलं होतं, नवं कापड आणतोय, जळाल्याचं मनावर घेऊ नका. नाना बाकड्यावर सरकून बसले, तमाशा बघायच्या तयारीनं.

फादरांनी बाही वर केली. कोपराच्या खळगीत कापसाचा बोळा आणि चिकटपट्टी होती. दुसऱ्या हातानं त्यांनी एक कागद कटिंगच्या टेबलावर ठेवला. सत्तारनं चष्मा लावला. शुगर चारशे ऐंशी.

"झगा जळालेला नाही, टीचर," फादर म्हणाले. "मीच जळत होतो. यांनी ओळखलं, आणि मी कुणाला सांगू नका म्हटलं म्हणून तीन दिवस लोकांचं ऐकून घेतलं." मग ते सत्तारकडे वळले. आवाज जरा खाली गेला. "लोक रोज माझ्यापाशी येऊन काय काय सांगतात, मी पोटात ठेवतो. माझंही कुणी असं ठेवील, हे मला ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगू का सत्तारभाई, मला वाटत होतं, देवाला माझा उपवास आवडला. आरशात बघून बरं वाटायचं मला."

टीचर टेबलावरच्या कागदाकडे बघत होत्या, आणि एकदम त्यांना रडू आलं. मी म्हणत होते तेज, एवढंच त्या पुटपुटल्या. सत्तारनं कपाट उघडून झगा काढला, झटकून पसरला. पांढराशुभ्र, एक डाग नाही. मग तो शिंप्यासारखंच बोलला, की शर्टाचं ते काळ्या दोऱ्याचं बटण आधी काढा, माझी लाज जाते. डॉक्टरांनी उद्या सकाळीच भरती व्हायला सांगितलंय, असं फादर म्हणाले. झगा इथेच राहू द्या. मग बांग झाली, सत्तारनं खजूर तोंडात टाकला आणि दुसरा सवयीनं फादरांपुढे केला. लगेच मागे घेतला. फादरांनी नुसतं पाणी घेतलं.

गुरुवारी साडेअकराला दुकानात फोन वाजला. हॉस्पिटलातून कुणी बाई बोलत होती. सायमन तोरणे यांचे नातेवाईक का? सत्तार म्हणाला, नाही, नातेवाईक नाही. मग तुमचा नंबर कसा, ती वैतागली, फॉर्मवर जवळचं माणूस म्हणून तुमचंच नाव आहे. कोण लागता तुम्ही त्यांचे?

सत्तारनं बाकड्याकडे बघितलं. नाना कान टवकारून बसलेले.

"शिंपी," तो म्हणाला.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "हां, बरोबर," ती म्हणाली. "इथेही तेच लिहिलंय." मग तिनं सांगितलं की पेशंटला पाच-सहा दिवस ठेवतील, इन्शुलिन सुरू केलंय, अंगावरचे कपडे आणि ताट-वाटी घेऊन या.

सत्तारनं फोन ठेवला आणि नानांना जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं सांगितलं. नाना बराच वेळ तंबाखू मळत राहिले, ती तोंडात टाकायची विसरले. "तिथं जेवाले कोण देतं त्याले?" त्यांनी विचारलं. सत्तार म्हणाला, माहीत नाही. नाना उठले. सून चारला येते, म्हणाले, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा डबा करून देतो, कळणा शुगरवाल्याले चालत असेल ना? आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले. त्या बाकड्यावर त्या वेळी कुणी नाही, हे सत्तारनं कैक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

ईदचे अठरा कुर्ते शिवायचे राहिले होते. सत्तारनं ते बाजूला सारले, झगा टेबलावर उलटा घातला आणि पातं घेऊन बाजूच्या शिवणी उसवायला बसला. आधी मार्चची टीप, मग जानेवारीची, मग डिसेंबरची. आत दाबलेलं कापड अजून नव्यासारखं होतं. ईदच्या कुर्त्यांची काज-बटणं करायला म्हणून सकीना आली, तिनं बघितलं आणि विचारलं, एवढा उसवला तर अंगावर लोंबणार नाही का?

"लोंबू दे," सत्तार म्हणाला. "त्यांचं माप चाळीस आहे."

त्यानं वहीतलं फादरांचं पान उघडून जूनचं माप समोर ठेवलं आणि सुटलेले दोरे वेचायला लागला.